वृद्धाश्रमात किंवा केअर सेंटरमध्ये आपलं माणूस असेल तर: कुठला कायदा, कुठलं ऑफिस, कुठला कागद

आधीच सांगतो, महाराष्ट्रात वृद्धाश्रमांसाठी म्हणून एकच असा कायदा नाही की ज्याचं नाव घेतलं आणि मॅनेजर सरळ झाला. 2007 चा एक कायदा आहे, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, आपल्याकडे तो 2009 पासून लागू आहे आणि नियम 2010 चे आहेत, पण त्याचा सगळा भर मुलांनी आईवडिलांना सांभाळावं यावर. खाजगी केअर सेंटरची सक्तीने नोंदणी, किमान दर्जा वगैरे आणणारं दुरुस्ती बिल डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं, ते पास झालंच नाही, ती लोकसभा संपली तसं बिलही संपलं. त्यामुळे एखादा बंगला भाड्याने घ्यायचा, हॉलमध्ये बेड टाकायचे, दोन मावश्या आणि एक ब्रदर ठेवायचा की झालं सेंटर चालू, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

पण म्हणून "काही करता येत नाही हो" असं जे लोक सांगतात तेही खरं नाही. कायदे आहेत, फक्त ते चार ठिकाणी विखुरलेत आणि प्रत्येकाचं ऑफिस वेगळं. तक्रार चुकीच्या ऑफिसात टाकली की हे आमच्याकडे येत नाही म्हणून टोलवाटोलवी सुरू होते आणि तिथेच नव्वद टक्के लोक कंटाळतात.

तिथे राहायला गेलं म्हणजे हक्क गेले असं नाही

हे सगळ्यात आधी डोक्यात बसवा, कारण निम्मे प्रॉब्लेम इथूनच निघतात. आश्रमातली आजी ही सज्ञान बाई आहे, तिची सही तिचीच आहे. फी मुलगा भरतो म्हणून तिच्या वतीने ठरवायचा अधिकार आपोआप मुलाकडे जात नाही, मॅनेजरकडे तर नाहीच नाही. मुलाने फोन करून "आईला बाहेर सोडू नका, बहिणीला भेटू देऊ नका" सांगायचं आणि मॅनेजरने ते पाळायचं, हे सर्रास चालतं, आणि त्यात बहुतेक वेळा प्रॉपर्टीचं भांडण असतं. आजी भानावर आहे, तिला जायचंय आणि तरी गेटला कुलूप लावून अडवलं तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली बेकायदा कोंडून ठेवण्याचा गुन्हा होऊ शकतो. "पोराने सांगितलं होतं" हा काही बचाव नाही. भेटायची वेळ ठरवून देणं वेगळं आणि ठरावीक माणसाला कायमची बंदी घालणं वेगळं, आणि दुसरं करायचं असेल तर आजीला स्वतःला तसं हवंय का ते आधी विचारायला पाहिजे.

ओरिजिनल आधार कार्ड, पासबुक, एटीएम आणि त्याचा पिन, यातलं काहीही "सेफ्टीसाठी" ऑफिसात जमा करायचं नाही. झेरॉक्स द्या. पेन्शन काढायची असेल आणि हात थरथरतो म्हणून सही जुळत नसेल तर बँकेत साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यासाठी मॅनेजरला जॉइंट होल्डर करायची गरज नसते. मतदान सुद्धा, मतदार यादीतला पत्ता फॉर्म 8 भरून आश्रमाचा करून घेता येतो.

आता डिमेन्शियाचं, म्हणजे स्मरणशक्ती आणि भान हळूहळू जाणाऱ्या आजाराचं काय, हा प्रश्न येणारच. इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते आणि ती फार महागात पडते. आईने भानावर असताना करून दिलेलं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपली पॉवर ऑफ अॅटर्नी, तिला समजेनासं झालं की कायद्याने संपतं. आपल्याकडे ते पुढे चालू राहत नाही. मग तिचा फ्लॅट विकायचा असेल, एफडी मोडायची असेल तर कोर्टाकडून पालक म्हणून नेमणूक घ्यावी लागते, मुंबई हायकोर्टाने अशा केसेसमध्ये रिट याचिकेवर जवळच्या नातेवाइकांना पालक नेमलेलं आहे. वेळ आणि पैसा दोन्ही जातो, पण जुन्या मुखत्यारपत्रावर व्यवहार रेटला तर नंतर भाऊबहिणी कोर्टात जातात आणि सगळं फिरतं. सुरुवातीची लक्षणं दिसली की आईशी बसून बोला, तिच्या डोळ्यादेखत नॉमिनेशन, मृत्युपत्र, सगळं मार्गी लावा.

अॅडमिशनच्या दिवशी

त्या दिवशी घरात सगळ्यांची अवस्था वाईट असते, कोणी रडत असतं, वडील रागाने बोलत नसतात, आणि नेमकं तेव्हा समोर आठ पानी अॅग्रीमेंट येतं आणि "इथे, इथे आणि इथे सही करा". नका करू. आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर मागवा, रात्री वाचा. जे पाठवायला तयार नाहीत ते पुढे काहीच लेखी देणार नाहीत, एवढं तरी त्यातून कळतं.

वाचताना पैशाचं पान पहिलं. डिपॉझिट किती, परत कधी आणि त्यातून काय कापणार. माझ्या आत्याच्या वेळी एका ठिकाणी तोंडी "रिफंडेबल डिपॉझिट" सांगितलं आणि पावती हातात आली तर त्यावर छापलेलं "ऐच्छिक देणगी", खाली 80 जीचा, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळण्याचा नंबर. मी म्हटलं अहो देणगी म्हणजे परत मागता येत नाही ना, तर ते म्हणाले सगळ्यांना अशीच देतो. मग सगळ्यांनाच फसवताय असा त्याचा अर्थ होतो, दुसरं काय. देणगी ही खुशीची असते, ती दिल्याशिवाय बेड मिळणार नसेल तर ती फी आहे. पावतीवर "अनामत" किंवा "डिपॉझिट" शब्द लिहून घ्या, आणि पैसे ऑनलाइन ट्रान्सफर करा, शेऱ्यात पण "डिपॉझिट" टाका.

मग बघायचं महिन्याच्या फीमध्ये काय काय येतं. डायपर, औषधं, फिजिओ, राईल्स ट्यूबचं (नाकातून पोटात घातलेल्या नळीचं) फीडिंग, रात्रीची वेगळी मावशी, या "एक्स्ट्रा" गोष्टींनी पंचवीसचे चाळीस हजार कसे होतात ते कळत पण नाही. फी किती महिन्यांनी आणि किती वाढणार तेही लेखी. काढून टाकायचं असेल तर किती दिवसांची नोटीस, हे नसेल तर हाताने लिहून घ्या, निदान एक महिना, कारण आपल्याकडे खाजगी आश्रमाने किती दिवस आधी सांगायचं याचा सरसकट नियम नाही, अॅग्रीमेंट जे म्हणेल ते. इमर्जन्सीत कुठल्या हॉस्पिटलला नेणार, अॅम्ब्युलन्सचे पैसे कोणाचे, फोन पहिला कोणाला, हेही.

"पडल्यास, इजा झाल्यास किंवा मृत्यू झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही" हे वाक्य जवळपास सगळीकडे असतं. घाबरू नका. असं छापलं म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक करार अशी व्याख्याच आहे, अवाच्या सवा डिपॉझिट घेणं किंवा कारण न देता एकतर्फी करार मोडायचा हक्क स्वतःकडे ठेवणं हे त्यात बसतं. फक्त लक्षात ठेवा, करारच अन्यायकारक आहे अशी तक्रार राज्य ग्राहक आयोगाकडे जाते आणि सेवा नीट दिली नाही ही तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे.

आणि हो, नोंदणी कशाची आहे ते विचारा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नंबर असतो. पण नुसता ट्रस्टचा नंबर म्हणजे पेशंट ठेवायची परवानगी नव्हे. 1949 चा महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे, त्यात आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा म्हणजे नर्सिंग होम अशा अर्थाची व्याख्या आहे. म्हणजे बाहेर बोर्ड "निवास" असा असेना का, आत जर सलाईन लावतायत, ट्यूबा घालतायत, बेडरिडन पेशंट ठेवतायत तर तुमची या कायद्याखाली नोंदणी आहे का हा प्रश्न एकदम रास्त आहे. महापालिका हद्दीत असेल तर तिथल्या आरोग्य विभागात चौकशी करा, माहिती अधिकारात अर्ज टाकलात तर लेखीच उत्तर येईल. या कायद्याच्या 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांत रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी लावायचं बंधन आहे. सिनिअर लिव्हिंगमध्ये फ्लॅटच विकत घेत असाल तर विषय वेगळा, तिथे महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्यांनी 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी लिफ्ट, रॅम्प, दारांची रुंदी वगैरेचे निकष आणलेत.

बांधून ठेवणं, झोपवून ठेवणं, जखमा

हा भाग वाचायला त्रास होईल पण सगळ्यात गरजेचा हाच आहे.

डिमेन्शियाचा पेशंट रात्री उठून फिरतो, म्हणून ओढणीने हात बेडला बांधतात. विचारलं की "स्टाफ कमी आहे हो रात्रीचा". 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे तिच्यात स्मरणशक्ती आणि भान यांचा मोठा बिघाड येतो, आणि अशा लोकांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला तो कायदा लागू पडतो. त्यातलं कलम 97 सांगतं की बांधणं हे फक्त समोर दिसत असलेला धोका टाळायला, दुसरा काहीच मार्ग नसताना, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरत्याच वेळासाठी. शिक्षा म्हणून कधीच नाही. आणि स्टाफ कमी आहे या कारणासाठी नाही, हे तर शब्दशः लिहिलंय. साखळीने बांधायला कलम 95 ने पूर्ण बंदी आहे. मॅनेजरने स्टाफचं कारण दिलं की त्याला ते व्हॉट्सअॅपवर लिहायला लावा, त्याने स्वतःच स्वतःविरुद्ध पुरावा दिला असं समजा.

झोपेच्या गोळ्यांचंही तेच. दुपारी चार वाजता गेलात आणि बाबा गाढ झोपलेत, हाक मारली तरी उठत नाहीत, दर भेटीला असंच, तर औषधांचा चार्ट मागा आणि प्रत्येक गोळीपुढे कुठल्या डॉक्टरने कधी लिहिली ते बघा. डॉक्टरकडची कागदपत्रं मागितल्यावर 72 तासांत द्यावी लागतात, हा मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांतला नियम आहे.

बेडसोरची जखम कधी एका रात्रीत खोल होत नाही. आधी माकडहाडावर किंवा टाचेवर लाल चट्टा येतो, दाबला तरी लाली जात नाही. म्हणून भेटायला गेलं की गप्पा मारता मारता एकदा कूस वळवून पाठ बघा, टाचा बघा, लाज बाळगू नका. बेडरिडन पेशंटला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं आणि चांगल्या सेंटरमध्ये त्याचा चार्ट बेडपाशी लटकवलेला असतो. त्यावरचं अक्षर बघा. पहाटे दोनची, चारची, सहाची एंट्री एकाच पेनाने एकाच वळणात सलग लिहिलेली असेल तर तो चार्ट सकाळी चहा पिता पिता भरलाय.

अशा वेळी आरडाओरडा करायचा मोह होतो, पण भांडून घरी आलात की तिथल्या मावश्या राग कोणावर काढणार ते वेगळं सांगायला नको. लेखी द्या, थंड डोक्याने. साधारण असं:

"प्रति, व्यवस्थापक. विषय: आईच्या पाठीवरील जखम. रविवारी सायंकाळी भेटीस आलो असता माकडहाडावर अंदाजे दोन इंची उघडी जखम दिसली, फोटो सोबत जोडला आहे. कूस बदलल्याचा चार्ट मागितला, मिळाला नाही. कृपया आजच डॉक्टरांना दाखवून जखमेची नोंद व उपचार लेखी कळवावेत. मागील 15 दिवसांचे चार्ट व कॉरिडॉरचे सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावे. आईची आपल्याकडील सेवा सुरळीत चालू राहावी ही विनंती."

दोन प्रती, एकीवर पोच. पोच देत नसतील तर तेच ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने. फुटेजचं वाक्य विसरू नका, रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं आणि नंतर "आमच्याकडे नाही" हे उत्तर खरं पण असतं.

लेखी देऊनही हलले नाहीत तर

मार, चोरी, कोंडून ठेवणं असं काही असेल तर 112, आणि मग पोलीस स्टेशन. पोलीस "आजीला घेऊन या" म्हणाले तर नम्रपणे सांगा की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 प्रमाणे साठीच्या पुढच्या माणसाला, कुठल्याही वयाच्या बाईला किंवा गंभीर आजारी माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवता येत नाही, त्यांनी यायचं.

एक कलम वकिलांना पण पटकन आठवत नाही, भारतीय न्याय संहिता 357. आजारपणामुळे किंवा अशक्तपणामुळे असहाय असलेल्या माणसाची देखभाल करायचा करार केला आणि मुद्दाम केली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा किरकोळ आहे, आणि अदखलपात्र असल्यामुळे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून देतील, पुढे मॅजिस्ट्रेटकडे तुम्हालाच जावं लागतं, पण नोटिशीत हे कलम नीट मांडलं तर मालक फोन उचलायला लागतो.

पैसे बुडवले, सेवा दिली नाही, निष्काळजीपणाने फ्रॅक्चर झालं, यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आश्रम नाशिकला आणि तुम्ही ठाण्याला तर ठाण्यात. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून जातो, आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, कधीकधी डिपॉझिटचं प्रकरण तिथेच मिटतं. मात्र पूर्ण फुकट ठेवणाऱ्या आश्रमाविरुद्ध इथे चालत नाही. तिथे ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्त, आणि सरकारी अनुदान असेल, मातोश्री वृद्धाश्रम वगैरे, तर जिल्ह्याचं समाजकल्याण ऑफिस.

काहीच सुचत नसेल तर 14567, एल्डरलाइन, म्हणजे ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ, फुकट. वकील परवडत नसेल तर 15100 किंवा जिल्हा कोर्टातलं विधी सेवा प्राधिकरण, बायकांना आणि दिव्यांगांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

अचानक मृत्यू झाला आणि अंगावर वळ, जखमा दिसल्या, तर वाईट वाटतं लिहायला, पण घाईने बॉडी स्मशानात नेऊ नका. पोलिसांना बोलवा, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम होऊ द्या. नंतर कितीही ओरडलात तरी पुरावा उरलेला नसतो.

फी भरणारं कोणी नसेल, मुलांनी हात वर केले असतील

इथे 2007 चा कायदा खरा कामाला येतो. प्रांत ऑफिसात, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज. आजी स्वतः येऊ शकत नसेल तर तिने अधिकार दिलेला कोणीही माणूस किंवा संस्था अर्ज करू शकते, म्हणजे चांगला आश्रमसुद्धा तिच्या वतीने करू शकतो. वकील लागतोच असं नाही. महिन्याला जास्तीत जास्त 10,000 पर्यंत मिळू शकतात, नोटीस लागल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित (प्रत्यक्षात तारखा पडतात, धीर धरा), नाही पटला तर 60 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील. मूलबाळ नसेल तर ज्या पुतण्याला किंवा भाच्याला प्रॉपर्टी मिळणार आहे किंवा आधीच मिळालीये त्याच्याकडूनही मागता येतं.

घर मुलाच्या नावावर करून दिलं आणि त्याने आश्रमात आणून टाकलं, तर कलम 23. बक्षीसपत्रात सांभाळायची अट असेल आणि तो सांभाळत नसेल तर ते रद्द करून घेता येतं. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशी अट असायला हवी, आणि जानेवारी 2025 च्या निकालात हे कलम ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचा आणि घराचा ताबाही परत देता येतो असं म्हटलं. ज्यांनी अजून केलेलं नाही त्यांनी अट छापूनच घ्या, "प्रेमापोटी देत आहे" एवढ्यावर भागत नाही.

कलम 24 पण बघा, सांभाळायची जबाबदारी असलेल्याने ज्येष्ठाला कुठेतरी कायमचं टाकून दिलं तर तीन महिने कैद किंवा 5000 दंड. त्यात "मुलगा" असा शब्द नाहीये, जो कोणी सांभाळत असेल तो. त्यामुळे फी थकली म्हणून "उद्या रस्त्यावर ठेवतो" म्हणणाऱ्या मॅनेजरलाही हे वाचून दाखवायला हरकत नाही.

परदेशात असणाऱ्यांसाठी एवढंच की इथल्या एका विश्वासू माणसाला आईच्या स्वतःच्या सहीचं अधिकारपत्र देऊन ठेवा. व्हिडिओ कॉल फक्त चेहऱ्याचा असतो, पाठ कोणी दाखवत नाही, म्हणून आधी न सांगता जाऊन बघणारं कोणीतरी हवं, चुलत मामा, शाळेतला मित्र, कोणीही.

शेवटी दुसरीकडे हलवायची वेळ आली की डिपॉझिट परत देताना एक कागद पुढे येतो, "माझी संस्थेबद्दल कोणतीही तक्रार नाही, सर्व हिशोब पूर्ण". आधी फाइल, औषधं, दागिने, चष्मा, कवळी सगळं यादीप्रमाणे ताब्यात घ्या. त्या कागदावर सही केल्याशिवाय चेक देतच नसतील तर सहीच्या वर हाताने लिहा, "फक्त डिपॉझिटची रक्कम मिळाली, इतर सर्व हक्क राखून", तारीख टाका आणि काउंटरवरच त्याचा फोटो काढा.